तीन अक्षरे, 645 अर्थ



ज्या शिक्षकांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी आयुष्यभर इंग्रजी शिकवले आणि लिहिले मात्र मराठीत. म्हणून दोन्ही भाषांना जवळचा वाटेल असा विषय मी निवडला. विषय दिसायला अगदी लहान आहे. इंग्रजीत तीन अक्षरांत लिहिला जाणारा, प्राथमिक शाळेतल्या मुलालाही येणारा 'रन' हा शब्द.

शाळेत आपण त्याचा अर्थ पाठ केला : रन म्हणजे धावणे. तो अर्थ बरोबरच आहे. पण हा एकच अर्थ हाताशी धरून जो इंग्रजी वाचायला बसतो, तो पहिल्या दोन पानांतच अडखळतो. तिथे नाक 'रन' होते, नळ 'रन' होतो, धुण्यात कपड्याचा रंग 'रन' होतो. रस्ता नदीकाठाने 'रन' होतो, करार पाच वर्षे 'रन' होतो, सभा ठरल्या वेळेपेक्षा लांबते तेव्हा तीही 'रन' होते. माणूस दुकान 'रन' करतो, संपादक बातमी 'रन' करतो, संगणकावर आज्ञावली 'रन' होते. एखादा स्वभाव घराण्यात 'रन' होतो. यातले कोणीही पायांनी धावत नाही.

ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी कोशाच्या 1989 सालच्या दुसऱ्या, वीस खंडांच्या आवृत्तीत सर्वाधिक अर्थांचा मान 'सेट' या शब्दाकडे होता. त्याच्या क्रियापदाचे सुमारे 430 अर्थ तिथे नोंदवले होते आणि ती एकच नोंद साठ हजार शब्दांच्या घरात गेली होती. पुढे तिसऱ्या आवृत्तीचे काम सुरू झाले तसा हा मान आधी 'मेक'कडे, मग 'पुट'कडे गेला आणि 2011 पर्यंत 'रन'ने सगळ्यांना मागे टाकले. नुसत्या क्रियापदाचे 645 अर्थ. ही नोंद पीटर गिलिव्हर या कोशकाराने हाताळली. एका क्रियापदासाठी त्यांचे नऊ महिने गेले.

नऊ महिने नेमके कशात जातात, हे समजून घेण्यासारखे आहे. कोशकार खोलीत बसून अर्थ सुचवत नाही. त्याच्यासमोर उताऱ्यांचा ढीग असतो. कुठल्या तरी पुस्तकातले, वर्तमानपत्रातले, पत्रातले, कायद्यातले एक वाक्य, त्यात तो शब्द, खाली लेखक आणि साल. जुन्या काळी प्रत्येक उतारा कागदाच्या वेगळ्या चिठ्ठीवर असे. कोशकार या चिठ्ठ्या वाचतो आणि टेबलावर त्यांचे गट लावतो. जहाजाचा 'रन' इथे, पाण्याचा तिथे, यंत्राचा पलीकडे. मग एक चिठ्ठी अशी निघते की ती दोन्ही गटांत बसते. तिचे काय करायचे? नवा गट करायचा, की जुन्या दोन गटांमधली भिंत पाडायची? अशा शेकडो चिठ्ठ्या. मग प्रत्येक गटातली सर्वांत जुनी चिठ्ठी शोधायची आणि कुठला अर्थ कुठल्या अर्थातून फुटला ते ठरवायचे. 645 हा आकडा या निवाड्यांतून येतो. दुसरा कोशकार बसला असता तर आकडा थोडा वेगळा आला असता. चिठ्ठ्या मात्र त्याच राहिल्या असत्या, आणि माझ्या लेखी मोल चिठ्ठ्यांचे आहे.

या चिठ्ठ्या आल्या कुठून, तोही इतिहास आपल्या कामाचा आहे. 1857 च्या नोव्हेंबरात लंडनच्या फिलॉलॉजिकल सोसायटीपुढे रिचर्ड शेनेविक्स ट्रेंच या धर्मोपदेशकाने दोन बैठकांत एक निबंध वाचला. इंग्रजीतल्या तेव्हाच्या कोशांत काय काय उणे आहे हा त्याचा विषय. कोशकाराने भाषेचा न्यायाधीश होऊ नये, तिचा इतिहासकार व्हावे, हे त्याचे मुख्य म्हणणे. योगायोग असा की त्याच 1857 साली आपल्याकडे मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची दुसरी, वाढवलेली आवृत्ती निघाली. तिच्याकडे मी शेवटी येणार आहे.

ट्रेंचच्या कल्पनेला आकार यायला वीस वर्षे गेली. 1879 साली जेम्स मरे या शाळामास्तराने ऑक्सफर्डच्या या कोशाचे संपादकपद स्वीकारले तेव्हा आधीच्या स्वयंसेवकांनी जमवलेल्या चिठ्ठ्यांची पोती त्याच्या घरी आली. सगळा ढीग दोन टनांच्या आसपास होता. एका पोत्यात मेलेला उंदीर निघाला. 'पीए'पासून सुरू होणाऱ्या शब्दांच्या बऱ्याचशा चिठ्ठ्या आयर्लंडमध्ये चूल पेटवायला वापरल्या गेल्या होत्या. मरेने बागेत लोखंडी पत्र्याची एक खोली उभारली, भिंतींना हजारावर कप्पे केले आणि इंग्रजी वाचणाऱ्या जगभरच्या लोकांना जाहीर आवाहन केले : पुस्तके वाचा, वाक्ये उतरवा, आम्हाला पाठवा. त्याची मुले खाऊच्या पैशांसाठी चिठ्ठ्या अकारविल्हे लावत.

लगेच एक अडचण ध्यानात आली, आणि आजच्या व्याख्यानाचा गाभा मला तिच्यातच सापडला. वाचक दुर्मीळ, चमत्कारिक शब्द हौसेने टिपत होते आणि रोजच्या शब्दांकडे बघतही नव्हते. 'अब्यूजन' या कालबाह्य शब्दाची पन्नासेक उदाहरणे जमली होती आणि 'अब्यूज' या रोजच्या शब्दाची पाचसुद्धा नव्हती. मरेला पुनःपुन्हा सांगावे लागले की साध्या शब्दांची वाक्येही उतरवा. लोकांना ते पटायला वेळ लागला. जो शब्द सगळ्यांना येतो त्यात टिपण्यासारखे काय असणार, असे कोणालाही वाटते. पहिला भाग 1884 साली निघाला, मरे 1915 साली टी या अक्षरावर काम चालू असतानाच गेला आणि कोश पुरा व्हायला 1928 उजाडले. चार लाखांहून अधिक शब्द आणि अठरा लाखांहून अधिक उतारे. 'रन' ज्या आर अक्षरात येतो, ते अक्षर या पहिल्या आवृत्तीत विल्यम क्रेगी या स्कॉटिश पंडिताने सांभाळले.

आता त्या चिठ्ठ्यांतून दिसणारा 'रन' पाहू.

जुन्या इंग्रजीत या शब्दाचे जे पूर्वज सापडतात त्यांत पाय आणि पाणी दोन्ही आहेत. जर्मन भाषेत आजही 'रेनेन' म्हणजे धावणे आणि 'रिनेन' म्हणजे पाझरणे, वाहणे. दोघे सख्खे भाऊ. म्हणजे नाक वाहणे किंवा रंग पसरणे ही 'धावणे'वरून कोणी कवीने केलेली कल्पना नाही. पाण्याचा अर्थ मुळापासूनच त्या शब्दात आहे. हे एकदा कळले की निम्मे कोडे सुटते.

मग समुद्र येतो. बेटावरच्या लोकांची भाषा आहे, जहाजांनी तिला फार काही दिले. वाऱ्याच्या दिशेने शीड सोडले की जहाज 'रन' होते, वाळूत रुतते तेव्हाही ते 'रन' होऊनच रुतते. नाकेबंदी चुकवून माल आत नेणे हा 'रन', चोरून बंदुका पोचवणे हाही 'रन'. घाईत पळ काढणे याला इंग्रजीत 'कट अँड रन' म्हणतात. तिथे जे कापायचे असते तो नांगराचा दोर : नांगर ओढून घ्यायला वेळ नाही, दोरच तोडा आणि निघा. हा शब्दप्रयोग खलाशांचा आहे. कुठल्या विद्यापीठात तो तयार झालेला नाही.

पाण्याला आणखी एक गुण असतो, त्याची धार तुटत नाही. त्यातून सलगपणाचा अर्थ आला. तीन दिवस ओळीने पाऊस पडला तर इंग्रज 'तीन दिवस रनिंग' म्हणतो. हा अर्थ आपल्याकडे चालत आला, आणि इंग्रजी न येणाऱ्यांच्या तोंडून आला. घरात सुताराचे काम काढले तर सुतार फळीचा किंवा कपाटाचा दर 'स्क्वेअर फुटा'ने सांगतो आणि कडेच्या पट्टीचा दर 'रनिंग फुटा'ने. तो टेप भिंतीला लावतो, कोपऱ्यात अंगठ्याने दाबतो, वळवून पुढच्या भिंतीला नेतो आणि दाराची जागा वजा करून म्हणतो, "छत्तीस रनिंग." लांबी-रुंदीचा गुणाकार नाही, नुसती सलग लांबी. शिलाईवाल्या बाई 'रनिंगचा टाका' म्हणतात, तोही न तुटता पुढे जाणारा. सरकारी कामाचा ठेकेदार 'रनिंग बिल' लावतो : काम संपलेले नाही, हिशेब सलग चालू आहे, झाल्या कामाचे पैसे द्या. या तिघांना 'रन' म्हणजे धावणे असे सांगायला गेलात तर ते काम थांबवून तुमच्याकडे बघतील. त्यांच्याकडे त्या शब्दाचा नेमका, कसलेला अर्थ आहे. आपल्या बहुतेक शालेय कोशांत तो सापडायचा नाही.

रेल्वेत तर हा शब्द घर करून बसला आहे. गाडी चालवणारे आणि गार्ड हे 'रनिंग स्टाफ', त्यांचा अंतरावर मोजला जाणारा भत्ता 'रनिंग अलाउन्स' आणि भुसावळसारख्या मोठ्या ठाण्यावर त्यांच्या विश्रांतीची जागा ती 'रनिंग रूम'. ही खोली मुद्दाम सांगण्यासारखी आहे. दूरवरून मालगाडी घेऊन आलेला चालक तिथे हजेरी लावतो, जेवतो (पूर्वी सोबत आणलेला शिधा आचाऱ्याच्या हवाली करायचा) आणि पडदे ओढून झोपतो. शेजारच्या खाटेवरचा माणूस दुसऱ्या दिशेच्या गाडीचा. मोठ्याने बोलायचे नाही, कारण कोणी ना कोणी नेहमी झोपलेला असतो. रेल्वेच्या आवारातली सगळ्यात शांत जागा, आणि नाव रनिंग रूम. हा अर्थ शब्दाच्या मुळातून कधीच उलगडणार नाही. तो त्या खात्याच्या कामातून आला, त्या लोकांच्या दिनक्रमातून आला.

'रन'चे अर्थ इतके वाढले त्याचे मोठे कारण यंत्र. लिव्हरपूल-मँचेस्टर रेल्वे 1830 साली सुरू झाली. गिरण्या, वाफेची इंजिने, मग मोटारी, शेवटी संगणक. प्रत्येक नव्या यंत्राचे सुरू असणे सांगायला नवा शब्द घडवण्यापेक्षा लोकांनी हाताशी असलेला 'रन' घेतला. यंत्र रन होते, म्हणून ते करवणारा माणूस यंत्र रन करतो. मग कारखाना, मग कचेरी, मग देश. आज्ञा देण्याचा, कारभार हाकण्याचा अर्थ या वाटेने बळावला.

इथे मला मराठीचे फार कौतुक वाटते. बोरीबंदर ते ठाणे ही पहिली गाडी 16 एप्रिल 1853 ला निघाली आणि पुढच्याच वर्षी मुंबईत कापडगिरणीच्या कंपनीची स्थापना झाली. नवी यंत्रे आपल्याही दारात आली. इंग्रजाने ती धावायला लावली, आपण ती चालायला लावली. घड्याळ चालते. गिरणी चालते. पंखा, पंप, टीव्ही, नळ सगळे 'चालू'. दुकान चालते, संसार चालतो, खटला चालतो, राज्य चालते. मुळात जी क्रिया पायांची, संथ गतीची, तिने 'रन'चे जवळजवळ सगळे यांत्रिक आणि कारभारी अर्थ उचलले. शिवाय स्वतःचे वेगळे अर्थ राखले. खोटे नाणे चालत नाही, उद्या आलात तरी चालेल, त्याचे डोके चालते. सैन्य चाल करते, बुद्धिबळात चाल असते आणि भजनालाही चाल असते. वृत्तवाहिन्यांवर तर आता बातमीही 'चालवतात'. हे सगळे कोणी समिती नेमून ठरवले नाही. गिरणीतला कामगार, गाडीवरचा फायरमन, दुकानदार, वकिलाचा कारकून यांनी गरजेपोटी केले आणि ते टिकले.

दोन भाषांनी एकाच गोष्टीकडे कुठून पाहिले, हे काही ठिकाणी फार स्वच्छ दिसते. ॲगाथा ख्रिस्तीचे 'द माउसट्रॅप' हे नाटक लंडनमध्ये 1952 साली रंगमंचावर आले आणि 2020 च्या साथीत खंड पडेपर्यंत चालत राहिले. इंग्रज त्याला त्या नाटकाचा 'रन' म्हणतो, कारण तिथे नाटक एका थिएटरात मुक्काम ठोकते आणि रोज होते. मराठी नाटक फिरते. आज शिवाजी मंदिर, उद्या गडकरी रंगायतन, परवा बालगंधर्व, मग कोल्हापूरचा दौरा. म्हणून आपण अखंड मुदत मोजत नाही, प्रयोग मोजतो. पाचशेवा प्रयोग, हजारावा प्रयोग. आपल्या नाट्यव्यवसायाची सगळी रचना या एका 'प्रयोग' शब्दात आहे. निवडणुकीचेही तसेच. अमेरिकेत उमेदवार 'रन' करतो, ब्रिटनमध्ये तो उभा राहतो आणि आपणही उभेच राहतो, किंवा निवडणूक लढवतो.

क्रिकेटशिवाय महाराष्ट्रात 'रन'ची गोष्ट पुरी होणार नाही. अठराव्या शतकात इंग्लंडात धावांची नोंद काठीवर खाच पाडून होई आणि धावेलाही 'नॉच' म्हणजे खाचच म्हणत. पुढे काठी गेली, वही आली, 'रन' रुळला. गंमत अशी की चेंडू सीमेपार गेला तर फलंदाजाला पाऊल न उचलता चार रन मिळतात. धावण्याची कृती गळून पडली आणि तिचा हिशेब तेवढा राहिला. मराठीत बाळ ज. पंडितांच्या पिढीच्या समालोचनाने 'धाव', 'षटक', 'धावबाद' हे शब्द घरोघरी पोचवले. ते इतके बेतशीर होते की आज कोणाला ते घडवलेले वाटत नाहीत. तरी मैदानावर पोरे ओरडताना 'रन'च म्हणतात. दोन्ही शब्द सुखाने नांदत आहेत आणि मला त्यात वावगे काही दिसत नाही.

एवढे ऐकून कोणी म्हणेल की 645 अर्थांचा शब्द बाळगणारी भाषा केवढी समृद्ध. मला हा निष्कर्ष मान्य नाही. मराठीतले 'लागणे' घ्या. भूक लागते, झोप लागते, ठेच लागते. घराला आग लागते, देवापुढे दिवा लागतो, नोकरी लागते, निकाल लागतो, फणसाला फळे लागतात. घाटात गाडी लागते आणि पोटात ढवळते. ऊन लागते, दारूचा नाद लागतो, बोललेले मनाला लागते. तो आमचा मामा लागतो. प्रवासाला दोन तास लागतात. मूल चालायला लागते. विहिरीला पाणी लागते. हे मी बोलता बोलता आठवले तेवढे. शेतकरी, कोळी, सोनार, गवंडी यांच्याकडे गेलात तर यादी कितीतरी लांबेल. इंग्रजीचा मोठेपणा अर्थांच्या संख्येत नाही. तिच्या लोकांनी आपल्या साध्या शब्दांच्या चिठ्ठ्या दीडशे वर्षे लिहिल्या, जपल्या, त्यावर साल घातले, यात तो आहे.

आपण काहीच केले नाही, असे मुळीच नाही. मोल्सवर्थ हा लष्करी अधिकारी. त्याने इथल्या शास्त्र्यांच्या आणि कँडी बंधूंच्या मदतीने 1831 साली कोश काढला, आणि 1857 ची आवृत्ती आजही अभ्यासकाच्या टेबलावर असते, कारण त्यात बोलती मराठी आहे. यशवंत रामकृष्ण दाते आणि चिंतामण गणेश कर्वे यांच्या मंडळाने 1932 ते 1938 या काळात महाराष्ट्र शब्दकोशाचे सात खंड पुण्यातून काढले, 1950 साली पुरवणी दिली. कसलेही राज्य हाताशी नसताना केलेले ते काम पाहून आजही मान लवते. जुन्या मराठीचा उताऱ्यांसह कोश शं. गो. तुळपुळे आणि ॲन फेल्डहाउस यांनी 1999 साली सिद्ध केला. संस्कृतसाठी तर पुण्याच्याच डेक्कन कॉलेजात 1948 पासून ऐतिहासिक तत्त्वावरचा महाकोश चालू आहे. दीड हजारांच्या आसपास ग्रंथांतून काढलेल्या एक कोटीच्या घरातल्या चिठ्ठ्या तिथे कपाटांत आहेत. पहिला भाग 1976 साली निघाला आणि तीसहून अधिक भाग निघूनही अजून स्वरांतल्या पहिल्या अक्षराचा मुलूख ओलांडलेला नाही. अशा कामाला पिढ्या लागतात, हे त्या कपाटांपुढे उभे राहिले की कळते.

आपल्याकडे जे नाही ते असे : ज्ञानेश्वरीच्या काळापासून आजच्या सुताराच्या 'रनिंग फुटा'पर्यंत एकेका साध्या मराठी शब्दाची सालवार साखळी. दाते-कर्व्यांनंतरची मराठी तर फारच विखुरली आहे. 1982 च्या गिरणी कामगारांच्या संपानंतर मुंबईच्या गिरण्या पुन्हा पहिल्यासारख्या चालल्या नाहीत. त्यांच्याबरोबर खात्याखात्यातले शब्दांचे अर्थही निवृत्त झाले. साच्यावर, म्हणजे गिरणीतल्या मागावर, काम केलेला माणूस आज सत्तरी ओलांडलेला आहे. 'साचा लागला', 'धागा चालतो' असे तो म्हणत असेल तर त्याचा नेमका अर्थ सांगणारा तोच उरला आहे.

म्हणून माझी विनंती आहे, आणि ती विद्वानांना नाही, तुम्हाला आहे. घरी एक वही करा. शब्द एकच निवडा, आणि तो साधा निवडा : लागणे, चालणे, बसणे, सुटणे, यांतला कुठलाही. आपल्या किंवा शेजाऱ्याच्या धंद्यात तो कानावर पडला की सबंध वाक्य जसेच्या तसे लिहा, सुधारू नका. बोलणाऱ्याचा व्यवसाय लिहा, गाव लिहा, तारीख घाला. जुने पुस्तक, जुने पत्र, दुकानाची जुनी खतावणी हाती आली तर त्यातले वाक्य सालासकट उतरवा. दोनशे वाक्ये झाली की ती वही जवळच्या महाविद्यालयाच्या मराठी विभागात किंवा गावच्या ग्रंथालयात नेऊन द्या आणि पोच घ्या. वयाने ज्येष्ठ माणसांपासून सुरुवात करा, आणि या आठवड्यातच करा.